बांधावरचं झाड, दावणीचं जनावर

आमच्याकडे एखाद्या घरची बैलजोडी बाजारात गेली की पुढच्या दोन-चार वर्षांत त्या घरच्या बांधावरच्या बाभळीही जातात. आधी गोठा रिकामा होतो, मग बांध बोडका होतो. लोक मात्र या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगतात. बैल परवडेनात म्हणून विकले, झाडाचा वसवा, म्हणजे पिकाला नडणारी सावली, पडत होता म्हणून तोडलं. वर्षानुवर्षं हे बघून मला वाटत आलंय की ही एकच गोष्ट आहे, आणि झाडं लावा म्हणून सांगायला येणाऱ्यांनी ती आधी समजून घ्यायला हवी.

आमच्याकडे म्हणजे माणदेशात. सातारा जिल्ह्याचे माण आणि खटाव, त्यांना लागून सांगलीचं आटपाडी, सोलापूरचं सांगोला. सह्याद्रीनं पाऊस अडवल्यावर उरलेला हा टापू. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात आमच्या म्हसवड-दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा. रब्बीला मालदांडी ज्वारी. जिथं पाणी पोचलं तिथं डाळिंब. आणि सगळीकडे शेळ्या-मेंढ्या.

माझं माहेर कृष्णाकाठचं. तिथं ऊस बांधाला भिडलेला, बांध म्हणजे दोन उसांमधली पाय ठेवण्यापुरती जागा. झाड असलं तर विहिरीवर किंवा देवळापाशी. लग्न होऊन इकडं आले तेव्हा उघडा माळ बघून जीव दडपला होता. नजर ठरायला जागा होती ती फक्त बांधांवर. प्रत्येक बांधावर ओळीनं उभ्या, सडसडीत बाभळी. माहेरच्या ओढ्याकाठी बाभळी बघितल्या होत्या, पण त्या आडव्या पसरलेल्या, खाली गवताची काडी उगवू न देणाऱ्या. या वेगळ्या होत्या. फांद्या खोडाला धरून वर गेलेल्या, उभ्या धरलेल्या खराट्यासारख्या. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितलं, ही रामकाठी. झाड बाभळीचंच, पण ठेवण उभी. सावलीचा घेर लहान पडतो, म्हणून रानात हिला ठेवतात. आडवी पसरणारी असली तर ती ओढ्याला, पडाला.

हे कुणी निवडलं असेल? कुठल्या संशोधन केंद्रानं नव्हे. कुळव धरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर उगवलेल्या रोपांतलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे बघत बघत ती बांधावर आणली. मला हे फार मोठं काम वाटतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांची नावं कुठेच नाहीत.

मामा एकेका झाडाकडे बघून त्यातून काय निघेल ते सांगायचे. या खोडातून नांगर निघतो. ही फांदी कुळवाच्या दिंडाला. त्या वाकड्या फांदीचं जू होईल. गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचेच, कारण लाकूड चिवट, दणका खाऊन फुटत नाही. सालीत कातडं कमवायचा गुण, खोडाला डिंक, कोवळ्या काडीचं दातवण. छाटलेल्या काटेरी फांद्या रचल्या की शेळ्यांच्या वाड्याला कुंपण. उरलं ते चुलीत. शेवटी शेंगा शेळ्यांना. झाडाच्या बदल्यात ज्वारीच्या चार ओळी बारीक राहिल्या तर राहू देत, असा तो हिशेब होता आणि त्यात कुणाचा तोटा नव्हता.

मग ट्रॅक्टर आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बैलामागं दिवस दिवस चालून ज्यांच्या टाचा फाटल्या त्यांनी ट्रॅक्टर का नको म्हणावा? पण ट्रॅक्टरबरोबर नांगराचं लाकूड गेलं, जू गेलं, गाडी गेली. गॅस आला, जळण गेलं. तारेचं कुंपण आलं, काटे गेले. झाड जागच्या जागी उभं होतं, पण त्याच्याकडून घ्यायचं एकेक कमी होत गेलं आणि त्याचं घेणं तेवढंच राहिलं. वर नवीन तक्रारी आल्या. बाभळीचा काटा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात गेला की पंक्चर. वळायला बांधापर्यंत जाता येत नाही म्हणून दोन्ही टोकांना पट्टा पडीक. नांगराचा फाळ मुळीला अडकतो. आणि वाटण्या होऊन होऊन रानाच्या अशा पट्ट्या झाल्या की दहा गुंठ्यांच्या तुकड्यात एका झाडाची सावली म्हणजे निम्मं रान.

त्या सावलीचं गणित मला इथं येऊन कळलं आणि ते मला अजून विलक्षण वाटतं. आमचं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांच्या आसपास. खरिपात सूर्य डोक्यावर असतो, झाडाची दुपारची सावली झाडाखालीच पडते, बाजरीला तिचा फारसा त्रास नाही. रब्बीत सूर्य दक्षिणेला कललेला. डिसेंबरच्या भर दुपारी दहा मीटर उंच झाडाची सावली साडेआठ-नऊ मीटर लांब, आणि ती पडते उत्तरेला. म्हणजे दक्षिणेच्या बांधावर झाड असेल तर ते माझ्याच ज्वारीवर दिवसभर सावली धरतं. उत्तरेच्या बांधावर असेल तर माझी ज्वारी उन्हात आणि शेजाऱ्याची सावलीत. गावातली बांधावरच्या झाडांची निम्मी भांडणं या एका गोष्टीवर उभी आहेत. झाड एकाचं, वसवा दुसऱ्याला.

सावलीपेक्षा मुळी वाईट, असं मात्र जुनी माणसं सांगतात आणि ते मला पटतं. रब्बी ज्वारीला वरून पाऊस नसतो. परतीच्या पावसानं जमिनीत मुरवलेली ओल, तीवरच तिनं कणसापर्यंत जायचं. त्याच ओलीवर झाड बारा महिने तोंड लावून बसलेलं. म्हणून बांधाच्या कडेनं दोन-अडीच फुटांचा चर काढून आडव्या मुळ्या तोडायची पद्धत होती. दर दोन-तीन वर्षांनी तो चर पुन्हा उकरावा लागतो, नाहीतर मुळ्या खालून वाट काढतात. आता चर काढायला माणूस मिळत नाही. जेसीबीवाला येतो, पण त्याला चर काढ म्हणण्यापेक्षा झाडच काढ म्हणणं स्वस्त पडतं.

एवढं सगळं झाडाच्या विरुद्ध असताना आमच्या बांधावर झाडं राहिली ती शेळ्यांमुळे.

आमच्या घरी शेळ्या आत्यांच्या. सासूबाईंना इकडं आत्याच म्हणतात. बैल गेले, आत्यांनी शेळ्या विकू दिल्या नाहीत. घरातल्या प्रत्येक अडचणीला, शाळेच्या फीपासून दवाखान्यापर्यंत, एक बोकड उभा राहिला हे त्यांनी बघितलं होतं. देशात 2019 च्या पशुगणनेत शेळ्या भरल्या 14 कोटी 88 लाखांच्या वर. या आकड्यात किती घरांतल्या आत्या आणि अक्का असतील, ज्यांच्या नावावर जमीन नाही पण शेळी आहे, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाभळीच्या शेंगा चैत्र-वैशाखात पिकतात. त्या वेळी रानात हिरवं काही नसतं. कडबा संपत आलेला, गवताच्या नुसत्या काड्या. अशा वेळी राखाडी, मण्यांच्या माळेसारख्या चिमटा पडलेल्या शेंगा वाऱ्यानं खाली सांडतात. आत्या पहाटे पाटी घेऊन बांधावर जायच्या, कारण उन्हं चढली की दुसऱ्यांच्या शेळ्या पोचायच्या. पाटीभर शेंगा ओतल्या की शेळ्यांच्या खाण्याचा जो कुडूमकुडूम आवाज होतो तो मला ओसरीवर बसून ऐकायला आवडतो. दिवसभर त्या शेंगा पोटात ठेवतात आणि रात्री रवंथ करताना कठीण बिया तोंडातून टाकून देतात. काही लेंडीतून पडतात. सकाळी गोठा झाडताना लेंड्यांमध्ये चपट्या, काळपट तपकिरी, गुळगुळीत बिया सापडतात. बाभळीच्या बीचं टरफल इतकं टणक असतं की नुसती पेरली तर महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. शेळीच्या पोटातून आली की ते टरफल मऊ पडतं आणि पहिल्या पावसात ती उगवते. रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून गोळा करायची रीत जुनी आहे, ती यामुळेच.

म्हणजे उन्हाळ्यात झाडानं शेळीला जगवायचं, पावसाळ्यात शेळीनं झाड पेरायचं. शेणखत आणि लेंडीखत रानात गेलं की ज्वारीचं झालं. तिघांचं असं एकमेकांत गुंतलेलं आहे. यातलं जनावर काढून घेतलं की झाड पिकाच्या वाटेतलं होतं आणि पीक झाडाच्या.

पण ही शेळी भाबडेपणानं बघायची नाही. जी बाभूळ पेरते तीच वेडी बाभूळही पेरते. वेडी बाभूळ म्हणजे मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडचं झाड, इंग्रजांच्या काळात 1870 च्या दशकात भारतात आणलेलं. पाला तिचा शेळी फारसा खात नाही, पण शेंगा गोड, त्या आवडीनं खाते आणि लेंडीतून बी सगळ्या माळावर फिरवते. ओढे तिनं भरून गेले, गायरानं गेली. नुसत्या तिच्याच शेंगांवर जनावर ठेवलं तर जबड्याचे स्नायू लुळे पडून त्याला चावता येईनासं होतं. लेंडीखत टाकलं की तिची रोपं रानात उगवतात. बोटभर असताना उपटली तर निघतात, हातभर झाली की टिकाव घ्यावा लागतो. आमच्या घरी पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रानातून फिरून कुठली बाभूळ ठेवायची आणि कुठली उपटायची ते बघायचं काम माझ्याकडे आहे. कोवळेपणी दोन्ही सारख्याच दिसतात. पानं चुरगाळून, काट्याची ठेवण बघून ओळखावं लागतं.

दुसरी अडचण याहून मोठी. ज्या शेळीसाठी झाड हवं, तीच शेळी रोप वाढू देत नाही. ज्वारी काढून झाली, कडब्याच्या गंजी लागल्या की गावाची रानं मोकळी होतात. कुणाचीही जनावरं कुणाच्याही रानात चरायची, ही इथली रीत. भूमिहीन माणसाच्या शेळ्या त्यावरच जगतात, म्हणून ती रीत मोडावी असं मला वाटत नाही. पण त्या चार महिन्यांत बांधावर जे कोवळं दिसेल ते संपतं. शेळी मागच्या पायांवर उभी राहते तेव्हा पाच-साडेपाच फुटांपर्यंत तिचं तोंड पोचतं. तेवढ्या उंचीच्या वर शेंडा जाईपर्यंत, म्हणजे चांगली तीन-चार वर्षं, रोप राखावं लागतं. पावसाळ्यात सरकारी मोहिमेतून रोपं येतात, खड्डे घेतले जातात, फोटो निघतात, आणि माघात जनावरं सुटली की खड्ड्यात काडी उरते. रोप लावणाऱ्याच्या कागदावर राखणीचा पैसा कुठेच नसतो. खड्ड्याचा असतो, रोपाचा असतो, राखणीचा नसतो.

याच कारणानं आम्ही लावण्याचा नाद कमी केला आणि ठेवण्याचा धरला. बांधावर जुन्या बाभळीची, कडुलिंबाची, बोरीची खोडकी असतात. दर वर्षी त्यांना धुमारे फुटतात आणि दर वर्षी कुणीतरी ते तोडतं. त्यातला एक जोमदार धुमारा ठेवून बाकीचे काढायचे आणि त्याच्याभोवती काटेरी फांद्यांचा वेढा घालायचा. खाली मुळी जुनीच, खोल गेलेली. त्यामुळे वाढ रोपाच्या दुप्पट-तिप्पट. पाणी घालायची गरज नाही. बोरीचं तर फारच छान. गावठी बोरीच्या धुमाऱ्यावर उमराण या कलमी जातीचा डोळा भरला की तिसऱ्या वर्षी बाजारात नेण्याजोगी बोरं, आणि छाटणीचा पाला शेळ्यांना.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मराडी भागात झाडं लावायच्या कामावर होते. लावलेली बहुतेक रोपं मरत होती. मग त्यांच्या लक्षात आलं की माळावर जी खुरटी झुडपं वाटतात ती तोडलेल्या झाडांची खोडकी आहेत, खाली सगळं जिवंत आहे. शेतकऱ्यांनी निवडून धुमारे राखायला सुरुवात केली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सुमारे 50 लाख हेक्टर शेतीवर झाडं परत आली. रिनाउडोंना 2018 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मला या गोष्टीतला कमी सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. तिथं पूर्वीच्या कायद्यानं शेतातलंही झाड सरकारचं समजलं जायचं. राखलेलं झाड आपल्याला वापरता येईल अशी खात्री वाटू लागली तेव्हाच लोकांनी ते राखलं.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा 1964 चा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, अंजन अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगला, आणि त्यामुळे पुष्कळ झाडं वाचलीही असतील. पण त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी बघते: बांधावर चिंचेचं किंवा जांभळाचं रोप आपोआप उगवलं, तर ते करंगळीएवढं असतानाच उपटलं जातं. मोठं झालं की सातबाऱ्यावर नोंद, मग कागद, मग हेलपाटे, असं लोक म्हणतात. भारत सरकारनं 2014 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आणलं. असं स्वतंत्र धोरण करणारा भारत पहिला देश. त्यात तोडीच्या आणि वाहतुकीच्या जाचक नियमांचा प्रश्न स्पष्ट मांडलेला आहे. गावातल्या माणसाला ते अजून पोचलेलं नाही. त्याला आपल्या झाडाची भीती वाटते, आणि ज्याची भीती वाटते ते कुणी वाढवत नाही.

2012-13 चा दुष्काळ मला आठवतो तो छावण्यांमुळे. माण तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. माणसं जनावरांबरोबर महिनोन्‌महिने तिथंच राहिली. चारा म्हणून ट्रकनं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, यायचं, बहुतेक माझ्या माहेराकडून. वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त. ते जनावराच्या अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडून द्यायची. गाई-म्हशी त्यावर तगल्या. छावण्या मुख्यतः मोठ्या जनावरांच्या होत्या. शेळ्या-मेंढ्या घरीच राहिल्या आणि त्या जगल्या झाडांवर. लिंबाचा पाला, बोरीचा पाला, बाभळीच्या डहाळ्या. आत्या आकडी घेऊन रोज एका झाडाचा थोडाच पाला काढायच्या. लांब बांबूला विळ्यासारखं पातं, मान वर करून ओढायचं, काटे डोळ्यांत पडू नयेत म्हणून पदर कपाळावर पुढे ओढलेला. शेंड्याला हात लावायचा नाही, एका बाजूच्या सगळ्या फांद्या काढायच्या नाहीत. हे बायकांचं काम, आणि याची मजुरी कुठल्याही हिशेबात धरलेली मी बघितलेली नाही. झाडं आणि जनावरं एकत्र ठेवण्याचे फायदे सांगणाऱ्या प्रत्येकानं एक उन्हाळा ही आकडी धरावी असं मला मनापासून वाटतं. फायदा आहेच. तो कुणाच्या खांद्यावरून येतो तेही दिसलं पाहिजे.

ते दिसल्यावरच मी बुटक्या चाऱ्याच्या झाडांकडे वळले. विहिरीच्या कडेनं, डोक्याच्या उंचीवर छाटता येतील अशी शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावली. सुबाभळीचा प्रसार पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून, मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेनं केला. पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं, छाटली की पुन्हा फुटते. मात्र तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं. वैरणीत तिचं प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर गेलं तर जनावराचे केस गळतात, लाळ गळते, गळ्याशी सूज येते. याची एक सुंदर हकिकत आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभळीनं गुरं आजारी पडत होती आणि हवाईतल्या शेळ्या तीच खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दिसलं की हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जिवाणू आहेत. ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं सुबाभूळ पचवू लागली. झाड आणि जनावर एकत्र नांदायला पोटातल्या जिवाणूंपर्यंत ओळख असावी लागते, हे वाचून मी थक्क झाले होते. घरी मी अजूनही साधा नियम पाळते: एक पेंढी सुबाभूळ तर दोन पेंढ्या कडबा किंवा दुसरा पाला. शिवाय शेंगा पिकू द्यायच्या नाहीत, नाहीतर ती रानभर होते.

गाईंचं वेगळं. आमच्याकडे आता दोन संकरित गाई आहेत. त्यांना झाडाचा पाला नाही, झाडाची सावली हवी. पत्र्याच्या गोठ्यात मार्चनंतर दुपारी त्या जीभ बाहेर काढून धापा टाकतात, चारा सोडतात, आणि संध्याकाळचं दूध उतरतं. गोठ्यामागच्या लिंबाखाली बांधल्या की त्याच दुपारी निवांत रवंथ करत बसतात. पत्रा उन्हानं तापतो आणि ते ऊन खाली फेकतो. झाड पानांतून पाणी सोडतं, त्यानं हवा गार होते. डेअरीच्या चिठ्ठीवर हा फरक दिसतो. लिंबाखालची माती शेणामुतानं अशी झाली आहे की पावसाळ्याच्या तोंडाला ती उकरून आम्ही मिरचीच्या वाफ्यात टाकतो.

मेंढपाळांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे पश्चिमेकडे उतरतात, पावसाळ्याला परत येतात. वाटेत रानात मेंढरं बसवायची, त्याबद्दल शेतकऱ्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे. एका रात्रीत लेंड्या आणि मूत थेट रानात, वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. आज रासायनिक खताच्या पोत्याची किंमत बघता मेंढरं बसवणं पुन्हा लोकांना हवंहवंसं झालंय. पण रान डाळिंबाचं झालं, तारेची कुंपणं आली, आणि वाटेवरची झाडं गेली. पूर्वी बांधावरच्या बाभळीच्या चार डहाळ्या मेंढक्यानं तोडल्या तर कुणी काही म्हणत नसे. आता बांधावर एकच बाभूळ उरलेली असते आणि तिची फांदी तोडली की भांडण होतं. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. झाडं भरपूर असल्याशिवाय हा देण्याघेण्याचा व्यवहार मोकळ्या मनानं होत नाही.

जव्हार-मोखाड्याकडे वाडीचा प्रयोग झाला तो याच्याशी ताडून बघण्यासारखा आहे. बाएफनं 1982 मध्ये गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केलेली ही पद्धत: एकरभर रानात आंबा-काजू, कडेनं जळणाची आणि चाऱ्याची झाडं, मधल्या जागेत भात-नागली-भाजी. पुढे नाबार्डच्या मदतीनं ती पुष्कळ आदिवासी भागांत गेली. तिथला पाऊस आमच्या कितीतरी पट, त्यामुळे झाडांची निवड इकडे चालणार नाही. मला त्यातलं घेण्याजोगं वाटतं ते कडेचं जिवंत कुंपण आणि शेजारशेजारच्या वाड्यांनी मिळून केलेली राखण. एकट्या घरानं चरणाऱ्या जनावरांपासून रोप वाचवणं म्हणजे गावाशी वैर घेणं. पाच-सहा घरांनी मिळून सलग बांध धरला तर राखणीला एक माणूस पुरतो, आणि गावालाही कळतं की हा बांध तीन वर्षं सोडायचा आहे.

आमच्या उत्तरेच्या बांधावर गेल्या वर्षी हेच सुरू केलं. पलीकडचं रान भावकीतल्या दिरांचं. वसवा त्यांच्या ज्वारीवर पडणार हे उघड होतं आणि पूर्वी याच बांधावरून बोलणं तुटलेलं. मी सरळ त्यांच्या ओसरीवर गेले. "भाऊजी, झाडं ठेवायची म्हणते मी. सावली तुमच्याकडं येणार, मग शेंगा आणि पाला तुमचा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन लाकूड?"

"लाकूड निम्मंनिम्मं. चर आम्ही काढून देतो तुमच्या अंगानं."

"आमच्याकडं शेरडं कुठायत आता. पाला घिऊन काय करू?"

तिथं गाडी अडली होती. आत आमच्या जाऊबाई सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, दोन पाटी (तरण्या शेळ्या) घ्या की मग, मी सांभाळते. मार्गशीर्षात त्यांनी म्हसवडच्या जत्रेतून परतताना पाहुण्यांकडून दोन पाटी आणल्या. त्यातली एक आता गाभण आहे. धुमारे आम्ही दोघींनी मिळून निवडले, रामकाठीचे तेवढे ठेवले, आडवे पसरणारे काढले. चराचं काम पाऊस उघडल्यावर, रब्बीच्या पेरणीच्या आधी करायचं ठरलंय. सातबाऱ्यावर झाडांची नोंद दोघांच्या नावे कशी लागेल ते विचारायला भाऊजी तलाठ्याकडे जाऊन आले आहेत. कागद अजून व्हायचा आहे.